पाहुण्यासाठी लावलेलं दार

आमच्या घरी पाहुणा येणार म्हटलं की सगळ्यांत आधी वासाची सोय करावी लागे. चहा, साखर, चटई हे नंतर. आई गेली तेव्हा मी सातवीत होते आणि हे काम माझ्याकडे आलं. याद्या करायची खोड मला तेव्हापासूनची, त्यामुळे कामाचा क्रमही मी ठरवून टाकला होता. भिजत घातलेल्या कातड्याचं टीप, म्हणजे पिंप, मागच्या बोळात न्यायचं. दारं सताड उघडायची. फरशी दोनदा पुसायची. मग धुपाटणं घेऊन कोपऱ्याकोपऱ्यात फिरायचं, आणि पाहुणा बोळाच्या तोंडाशी दिसला की ते देवापाशी नेऊन ठेवायचं, म्हणजे धूप देवासाठी घातलाय असं वाटतं.

हा शेवटचा बारकावा आबांचा. आबा म्हणजे माझे वडील. आमचं घर कोल्हापुरात चपला करणाऱ्यांचं. पुढच्या खोलीत काम, मधे स्वयंपाक, मागं एक अंधारी खोली. कातडं म्हटलं की वास आलाच. बोळावरून जाणाऱ्या बायका पदर नाकाला लावत, पुरुष भराभर पावलं उचलत. आबांनी हे लहानपणापासून पाहिलं होतं आणि त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. पण आपल्या उंबऱ्याच्या आत आलेल्या माणसाचा हात नाकाकडे जाऊ नये, एवढी एक गोष्ट त्यांनी स्वतःच्या हातात ठेवली होती.

हे आधी सांगितलं, कारण पुढं जे झालं ते या सवयीमुळेच झालं.

साठच्या दशकात, माझ्या लहानपणी, आमच्याकडे चपलेला काही चिकटवायचं असा प्रकारच नव्हता. तळाचे थर कातड्याच्याच वादीनं शिवायचे. आरीनं भोक पाडायचं, वादी ओवायची, ओढायची, पुन्हा भोक. पट्ट्याची वेणी घरातल्या बायका घालत. कातडं, तेल आणि बाभळीच्या सालीचं पाणी, एवढेच वास. मग सत्तर सालानंतर रबरी तळाच्या चपलांना मागणी आली आणि घरात एक पत्र्याचा डबा आला. आत मधासारखं दाट, पिवळसर, रबर चिकटवायचं सोल्युशन. आम्ही सगळे त्याला सुलेशन म्हणायचो. त्याचा वास गोडसर होता आणि मला तो सुरुवातीला चक्क आवडायचा. कातड्याच्या वासाची लाज बाळगणाऱ्या घराला हा वास कारखान्याचा, नव्या काळाचा वाटला. तरी पाहुणा यायचा असला की डबा लपवावा लागेच, कारण आबांच्या लेखी वास तो वास.

डबा आणला दादानं, माझ्या मोठ्या भावानं. तो सातवीनंतर शाळा सोडून आबांच्या शेजारी कामाला बसला होता. ‘मला गणित येत न्हाय आणि हिला गणित सोडत न्हाय,’ असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, जणू दोघांची वाटणी झाली आणि दोघंही खूश. मी शिकत राहिले ते त्याच्या बसण्यावर. त्यानं ते मला एकदाही बोलून दाखवलं नाही. हे इथं स्वच्छ लिहून ठेवते.

सुलेशनला वारा चालत नाही. वारा लागला की त्यावर साय धरते आणि तळ नीट बसत नाही. पावसाळी हवेनं ते पांढरं पडतं, उन्हाळ्यात त्यावर धूळ बसते. म्हणून चिकटवायच्या वेळी दादा मागच्या खोलीचं दार आतून लावून घ्यायचा, एकुलत्या एका खिडकीला पोतं अडकवायचा, ओळीनं तळ मांडायचा आणि बोटानं सुलेशन लावत जायचा. शेवटच्या तळापर्यंत पोचेतो पहिला बसवायजोगा चिकट झालेला असे. मग तो बसवायचा, ठोकायचा, पुढचा घ्यायचा. संध्याकाळी बाहेर आला की त्याचं डोकं जड झालेलं असे. ‘सुलेशन चढलं,’ म्हणायचा आणि हसायचा. आम्हीही हसायचो.

मी संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि गावातल्याच एका कॉलेजात प्रात्यक्षिकं घ्यायला लागले. ऐंशी सालाच्या आसपासची ही गोष्ट. तिथल्या रसायनशास्त्राच्या एका सरांना आकडेमोडीसाठी माणूस हवं होतं आणि माझं अक्षर बरं होतं. सर राजारामपुरीतून सायकलनं यायचे. कॅरिअरला पिशवी, पिशवीत कायम काहीतरी काचेचं, त्यामुळे खड्डा आला की उतरून चालायचे. म्हणजे बहुतेक रस्ता ते चालतच यायचे.

त्यांचा विषय असा. बेंझीन नावाचं एक द्रव्य आहे. ते श्वासावाटे वर्षानुवर्षं शरीरात गेलं तर रक्ताचा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. तो किती वाढतो, हे माणूस आजारी पडायच्या आधी हिशेबानं सांगता येईल का?

सर ज्याला मॉडेल म्हणत तो मुळात एक लांबलचक गुणाकार होता. हवेत बेंझीन किती. काम करणारा माणूस दिवसभरात किती हवा आत ओढतो. त्या हवेत तो रोज किती तास असतो, वर्षातले किती दिवस, आयुष्यातली किती वर्षं. हे सगळं गुणलं की आयुष्यभरात पोटात, म्हणजे खरं तर छातीत, किती गेलं ते कळायचं. मग दुसरा भाग. परदेशात कारखान्यांमध्ये बेंझीन भरपूर ओढलेल्या कामगारांची माहिती मिळत होती. त्यामुळे आलेखाच्या वरच्या टोकाला काही ठिपके होते. खालच्या टोकाला, जिथं थोडंथोडं ओढणारी माणसं असणार, तिथं नुसता कोरा कागद. सर वरच्या ठिपक्यांपासून शून्यापर्यंत पट्टीनं सरळ रेघ ओढायचे आणि म्हणायचे, ‘ही रेघ मी ओढली आहे, निसर्गानं नाही. हे विसरायचं नाही.’ मी प्रत्येक आलेखात तेवढा भाग तुटक रेघेनं काढायला लागले. त्यांना ते आवडलं असावं, कारण त्यानंतर त्यांनी माझी आकडेमोड तपासायचं बंद केलं.

काही आठवडे मी हे आकडे नुसते आकडे म्हणून गुणत होते. एक दिवस सरांनी कपाटातून एक बाटली काढली.

‘ज्याचा हिशेब करता आहात ते एकदा ओळखीचं तरी असू दे. लांबून वास घ्या. एकदाच.’

मी लांबून वास घेतला आणि मला आमची मागची खोली दिसली. खिडकीवरचं पोतं, ओळीनं मांडलेले तळ, दादाची वाकलेली पाठ.

‘सर, हा वास आमच्या घरी येतो.’

‘घरी? कुठं?’

‘माझा भाऊ चपलांचे तळ चिकटवतो त्या खोलीत.’

सरांनी बूच लावलं. ‘किती वर्षं बसतोय तो तिथं?’

मी सांगितलं. रोज किती वेळ? तेही सांगितलं. पावसाळ्यात जास्त की कमी? जास्त. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की गुणाकारातल्या एकेका जागी मी दादाला बसवत चालले आहे. फक्त पहिली जागा रिकामी राहिली होती. हवेत किती?

‘मी येऊन मोजू का?’ सरांनी विचारलं. विचारलं, येतो म्हणाले नाहीत. त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

घरी त्याच सुमारास वेगळंच चाललं होतं. पुण्याच्या एका व्यापाऱ्यानं रबरी तळाच्या चपलांची मोठी मागणी दिली होती, पावसाळाभर पुरेल इतकी. खिडकीवरचं पोतं भिजतं, ओल आत येते, म्हणून दादानं ती खिडकी विटांनी कायमची बुजवून घ्यायचं ठरवलं होतं. गवंड्याशी बोलणं झालं होतं. शिवाय काम उरकावं म्हणून वहिनीही त्याच्याबरोबर आत बसणार होती. तिला आमच्या घरात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. ती खिडकी बुजली की दोघं जण बंद खोलीत त्या डब्यासमोर बसणार, एवढं सरळ होतं.

मी विरोध केला. दादानं ऐकून घेतलं आणि सौदा ठरवला.

‘तुझ्या सरांस्नी मोजू दे. वाईट हाय म्हणालं तर बघू. पण चांगलं निघालं तर मग रोज माझं डोकं खायचं न्हाय. कबूल?’

मी कबूल केलं. मोजणीवर माझा विश्वास होता.

सर आमच्या घरी गेले त्या दिवशी माझी प्रात्यक्षिकं होती. संध्याकाळी मी परत आले तर बोळाच्या तोंडापासून धुपाचा वास. पुढच्या खोलीत दादा धुतलेला सदरा घालून भिंतीला टेकून बसला होता.

‘पास झालो की गं, मास्तरीणबाई!’ तो म्हणाला. ‘काचेची नळी काढली, तिला पंप लावला, हवा ओढली. नळीत पांढरी भुकटी असत्या. ती रंगली तर वाईट. आमची हाय तशी पांढरी! टोकाला जरा कुठं डाग पडल्यागत. काय म्हणालं वो आबा, सर?’

‘आज तरी काळजीसारखं दिसत न्हाय म्हणालं,’ आबा म्हणाले. ते फार दिवसांनी इतके खुलले होते. ‘लई भला माणूस. चटईवर मांडी घालून बसलं. दोनदा चहा घेतला.’

वहिनी आतून पदराला हात पुसत आली. ‘सकाळधरनं खपतोय मी वन्सं. टीप उचललं, सुलेशनचा डबा शेजारच्यांच्या माडीवर नेऊन ठेवला, मागची खिडकी, दारं, सगळं उघडं टाकलं. मामंजींनी तर धूप एवढा घातला की सरांच्या डोळ्यास्नी पाणी आलं.’

मी दादाकडे पाहिलं. ‘आणि चिकटवायचं काम?’

‘खुळी का काय तू? पावणं घरात असताना काम करत बसू व्हय?’

मी चपला काढून तिथंच उंबऱ्यावर बसले. हसू की रडू ते कळेना. सर जी वस्तू मोजायला आले होते तीच आमच्या घरानं सन्मानानं बाहेर काढून ठेवली होती.

‘गवंड्याला उद्या सांगावा धाडतो,’ दादा म्हणाला.

‘थोडं थांब. हिशेब व्हायचाय.’

‘शून्याचा हिशेब? तुझं गणितबी बैलगाडीनं जातंय.’

दुसऱ्या दिवशी सरांनी मला तो आकडा दिला. मी तो गुणाकाराच्या रिकाम्या जागी ठेवला आणि उत्तर काढलं. ते इतकं लहान होतं की काळजी करायला जागाच उरली नव्हती. सर म्हणाले, ‘चला, तुमच्या भावाची चिंता मिटली.’

‘सर, तुम्ही हवा ओढलीत तेव्हा सुलेशनचा डबा कुठं होता?’

ते आठवायला लागले. ‘डबा... नाही, डबा दिसला नाही. तुमचे भाऊ माझ्याशेजारी बसले होते. खोली फार स्वच्छ होती.’

मी त्यांना सगळं सांगितलं. टीप, धूप, शेजारची माडी. सर आधी मोठ्यांदा हसले. मग हसू ओसरलं आणि त्यांनी आकड्याच्या कागदावर आडवी रेघ मारली.

‘म्हणजे मी तुमच्या पाहुणचाराची हवा मोजून आलो.’

मी सांगते त्या वर्णनावरून, बंद खोलीचा अंदाज करून आकडा काढता येईल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, काढता येईल, पण आधीच अर्धी रेघ अंदाजाची आहे, त्यात पहिला आकडाही अंदाजाचा घेतला तर तुमचा भाऊ ऐकेल कशाला? आणि त्यानं का ऐकावं? त्यांच्याकडे नळ्या मोजक्याच उरल्या होत्या आणि नव्या मिळायला फार वाट पाहावी लागे. तरी ते म्हणाले, ‘मी पुन्हा येतो. कामाच्या दिवशी, दार लावून. माझ्यासाठी कुणी काही करायचं नाही. एवढं तुमच्या वडिलांना पटवा.’

किती अवघड काम त्यांनी माझ्यावर टाकलं होतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

रविवारी दुपारी आबा पुढच्या खोलीत वादी कापत होते, वहिनी वेणी घालत होती, दादा ठोकत होता. मी उभ्या उभ्याच विषय काढला. आबांची रापी थांबली.

‘दार लावून? त्या माणसाला वासात बसवू मी?’

‘आबा, ते त्यासाठीच येतायत.’

‘येऊ देत की. पण माझ्या घरात न्हाय. आजवर कुणाला बसवलं न्हाय.’

‘एकदा बघितलं न्हवं?’ दादा म्हणाला. ‘आता काय नापास होईस्तवर परीक्षा घेणार माझी? आणि मला एक सांग, त्या तुझ्या गणितात माझं नाव निघालंय का? अमक्याला कॅन्सर हुणार म्हणून?’

‘नाव नसतं निघत.’

‘मग काय निघतंय?’

मी समोर काय आहे ते पाहिलं. वहिनीच्या पायाशी चिठ्ठ्यांएवढ्या कातड्याच्या कपट्यांची पाटी होती. तिच्यावरून मला गल्लीतल्या बायकांची भिशी आठवली. ‘भिशीच्या डब्यात चिठ्ठ्या टाकतात तसं समज. मोठा डबा आहे, सगळ्या गावाच्या चिठ्ठ्या आहेत त्यात. माझी एक आहे, आबांची एक आहे. तू बंद खोलीत बसलास की तुझ्या नावाच्या जास्त चिठ्ठ्या पडतात. वर्षं जातात तशा वाढत जातात.’

‘भिशीत सगळ्यांचीच चिठ्ठी कधी ना कधी निघती की,’ वहिनी म्हणाली.

‘यात नाही निघत. यात बहुतेकांची निघतच नाही, आणि एखाद्याची निघते. कुणाची ते सरांनाही सांगता येत नाही.’

‘मग झालं की!’ दादा म्हणाला. ‘माझी न्हाय निघायची.’

वहिनीच्या हातातली वेणी अर्धवट राहिली होती. ‘पण चिठ्ठ्या टाकायच्याच कशाला म्हणतो मी?’ ती दादाला म्हणाली. मग आबांकडे न बघता, वेणीकडे बघत म्हणाली, ‘मामंजी, त्या सरांस्नी एक दिवस वास आला तर येऊ दे. तुमच्या पोराला रोज येतोय. आता मलाबी येणार.’

नव्या सुनेनं सासऱ्यापुढं असं बोलायची आमच्या घरात रीत नव्हती. दादानं हातोडी खाली ठेवली. आबांची रापी पुन्हा चालू झाली. वादी कापून झाली, रापी पुसली, उठून बाहेर गेले. वहिनी घाबरून माझ्याकडे बघत राहिली. त्या एका वाक्यासाठी मी तिची किती देणेकरी आहे, हे तिला पुढं अनेकदा सांगितलं. ती दर वेळी म्हणते, मला तर त्या खोलीत बसायचंच नव्हतं, म्हणून बोलले. तसं असेल. पण बोलली तीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघताना आबा म्हणाले, ‘बोलव त्यास्नी. पण चहा माझ्या घरचा घ्यायचा.’

सर आले तेव्हा पाऊस लागला होता. या वेळी मी रजा काढली होती. टीप दाराशीच होतं. धुपाटणं आबांनी दोनदा हातात घेतलं आणि दोनदा परत ठेवलं. दादानं नेहमीसारखे तळ मांडले, पोतं अडकवलं, डबा उघडला आणि ओळीनं लावत गेला. मग दार उघडून त्यानं बोळाकडे तोंड करून हाक दिली, ‘पावणं आलंय, दार लावा!’ आणि स्वतःच्याच बोलण्याला हसला.

आत आम्ही चौघं. दादा, सर, आबा आणि मी. सरांनी दादाच्या तोंडाजवळ नळी धरली आणि पंप ओढायला सुरुवात केली. मी नळीकडे बघत होते. पांढऱ्या भुकटीच्या टोकाला तपकिरी रंग आला. पुन्हा पंप, रंग पुढं सरकला. पुन्हा पंप. तो थांबेल असं मला वाटत होतं आणि तो थांबत नव्हता. दादाचंही बोट तळावर तसंच राहिलं होतं.

आबा मात्र नळीकडे बघतच नव्हते. ते सरांच्या तोंडाकडे बघत होते.

सरांचा हात नाकाकडे गेला नाही. त्यांचे डोळे लाल झाले होते, पण आकडा टिपून होईस्तोवर ते शांत बसून राहिले. आबा उठले, मधल्या खोलीतून चहाचे कप घेऊन आले, दार पुन्हा ओढलं आणि कप सरांपुढं धरले. सरांनी मान हलवली.

‘नको आबा. इथं नको.’

आबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. एवढं सगळं करूनही शेवटी तेच, असं त्यांना वाटलं असणार. सरांना ते दिसलं. ते उठले, आबांच्या हातातले कप घेतले आणि कोपरानं दार ढकललं.

‘बाहेर पिऊ. तुम्हीही बाहेर या. आणि हे पण,’ दादाकडे मान करून ते म्हणाले. ‘आबा, कातड्याच्या वासानं माझं काही बिघडत नाही. त्या वासानं कुणाचंच काही बिघडत नाही, तो खुशाल येऊ द्या. मला भीती आहे ती या हवेची. हिचा वास गोड आहे, पण ही वाईट आहे. वास वेगळा आणि हवा वेगळी.’

आम्ही सगळे पन्हाळीखाली पावसाचे शिंतोडे घेत चहा प्यायलो. सरांच्या पायाशीच टीप होतं. ते त्यांनी सरकवायला सांगितलं नाही.

त्या दिवसाचा आकडा घालून मी गुणाकार केला. उत्तर इतकं मोठं आलं की पहिल्या उत्तराशी त्याची तुलना करण्यातच अर्थ नव्हता. मी सरांना विचारलं, हे खरं मानायचं का? ते म्हणाले, ‘धोका नेमका किती, यावर भांडण होईल. दुसरा कुणी वेगळी रेघ ओढेल, उत्तर वेगळं येईल. पण कुठलीही रेघ घ्या, खिडकी उघडली की आकडा खाली येतो. तेवढं धरून चला.’

माझ्यासारख्या बाईला एवढं पुरे होतं. मी घरी जाऊन गुणाकारातल्या जागा एकेक करून दादाला सांगितल्या. श्वास कमी करता येत नाही. गेलेली वर्षं परत येत नाहीत. हवेत किती आणि रोज किती वेळ, या दोन जागा मात्र आपल्या हातातल्या आहेत. दादानं सौदा पाळला. गवंडी आला, पण विटा लावायला नाही. त्यानं समोरच्या भिंतीला आणखी एक खिडकी पाडली. पुढं चिकटवायचं काम वर गच्चीवर पत्र्याच्या छपराखाली नेलं. वाऱ्याचं काय करायचं हा प्रश्न होताच. हातापुढचा वारा अडेल एवढी बांबूची तट्टी लावून पाहिली, आणि सगळी ओळ मांडायच्या ऐवजी दोन-दोन जोड करायचे ठरले, म्हणजे साय धरायच्या आत ते होऊन जातात. डब्याला झाकण, बोटाऐवजी ब्रश. काम हळू व्हायला लागलं. व्यापारी कुरकुरला, दादा त्याहून जास्त कुरकुरला. ‘तुझ्या गणितानं माझा धंदा गच्चीवर नेला,’ म्हणायचा. शेवटी निम्मी मागणी त्यानं सोडून दिली आणि तेवढ्या वेळात पुन्हा वादीनं शिवलेल्या चपला करायला लागला.

सरांच्या सांगण्यावरून आम्ही राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांकडे दादाचं रक्त तपासून घेतलं. थोडं कमी होतं. डॉक्टरांनी काही महिन्यांनी परत बोलावलं. मधले महिने वहिनी रोज त्याच्या ताटात भाजी जास्त वाढायची आणि तो रोज ओरडायचा. परत तपासलं तेव्हा ठीक निघालं.

आता दादाचे केस पांढरे झालेत. त्याला काही झालं नाही. हे खिडकीमुळे, की तसंही काही झालं नसतं, हे कुठलंच गणित मला सांगू शकत नाही, आणि संख्याशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या बाईनं तसा दावा करूही नये. जे घडलं नाही त्याचा पुरावा नसतो. पण आभार मानायला मला पुरावा लागत नाही. माझ्या आभाराच्या यादीत सर आहेत, वहिनी आहे, शब्द पाळणारा दादा आहे. आणि आबांचं नाव मी सगळ्यांत वर ठेवते, कारण इतरांनी जे केलं ते त्यांच्या स्वभावात होतं. आबांनी केलं ते त्यांच्या स्वभावाच्या उलट होतं.

त्या दिवाळीआधी आबांनी सरांच्या पायाचं माप घेतलं आणि एक जोड केला, सगळा वादीनं शिवलेला, सुलेशनचा थेंबही नसलेला. तो न्यायला सर घरी येणार होते. सवयीनं मी टीप उचलायला वाकले.

‘ऱ्हाऊ दे ते,’ आबा म्हणाले.

मी धुपाटणं शोधलं. ते फळीवर होतं, त्यांनी खाली काढलंच नव्हतं. मागच्या खोलीच्या दोन्ही खिडक्या तेवढ्या त्यांनी स्वतः जाऊन उघडल्या. सर आले, टिपाला वळसा घालून आत शिरले, चटईवर बसले, जोड पायात घालून पाहिला.

‘वास येतोय न्हवं?’ आबांनी विचारलं.

‘येतोय,’ सर म्हणाले.

‘कातड्याचा हाय,’ आबा म्हणाले आणि त्यांनी आत चहाची हाक दिली.